पूजेला बसवलेली सायकल

नवरात्र बसलं की घरातल्या सगळ्यांना आनंद होतो आणि माझं डोकं फिरायला लागतं. माणसं आता सरावली आहेत. ‘आत्याचा दसरा आला’ म्हणतात आणि चार दिवस माझ्या वाटेला जात नाहीत. परतीचा पाऊस झोडपून गेला, वर लख्ख ऊन पडलं, की मंगरूळपीरच्या आमच्या घरामागच्या वावरातून एक वास येतो. ओल्या मातीच्या वासाचं कौतुक लोकांनी भरपूर करून ठेवलंय, तो हा नव्हे. हा अर्धवट सुकलेल्या काळ्या मातीचा, जरा आंबूस, जरा गंजक्या लोखंडाचा. आमची ही माती भर आषाढात परवडते. तेव्हा ती पातळ असते, पाय रुततो आणि ओढला की निघतो. उन्हाळ्यात तिचा दगड होतो, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेही परवडतं. पण आश्विनात, वरून सुकलेली आणि आतून ओली असताना, ती ज्याला धरते त्याला सोडत नाही. मातीवर मी रागावत नाही. तिचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक असतो. ठाऊक असून जे विसरतात त्यांचा मला राग येतो.

यंदा तो जरा लवकरच आला. तन्वीनं, म्हणजे माझ्या भावाच्या नातीनं, नवी सायकल घ्यायचं ठरवलं. मैत्रिणींबरोबर लोणारला जायचं, तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं, डोंगरातून, मुक्काम करत. महिनाभर पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून सायकली पाहत होती. टायर किती जाड, वजन किती, सामान मागे बांधायचं की पुढे. मी चष्मा लावून शेजारी बसायचे. एकदा एक चित्र माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, ‘‘आजी, ह्या मडगार्डमध्ये चिखल अडकेल ना?’’ आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात तिचा बाप आला, माझा भाचा सुधाकर. खांद्यावरून वाकून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, ‘‘अशी उघडीनागडी काय घेऊन राह्यली? झाकलेली घे चांगली. पोरीची सायकल हाय.’’

उघडीनागडी. तोच शब्द. बापाचा शब्द पोरानं जसाच्या तसा जपून ठेवला होता. सुधाकरला मी मग जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माझी सायकल आली तेव्हा वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं. आता आपण मुंबई राज्यात जाणार, अशी दादाच्या कचेरीत रोज चर्चा चालायची. दादा माझा थोरला भाऊ, तहसिलीत कारकून. मी त्याच्याकडेच राहत होते. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं, तेव्हा दादानंच मला अमरावतीला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिला भावाचे उपकार ठाऊक नाहीत. ठाऊक आहेत. शिकून आले, मंगरूळच्या दवाखान्यात प्रसूतीच्या कामावर लागले, आणि आसपासच्या गावांची फिरती माझ्याकडे आली. फिरतीला सायकल हवी. सायकल माझ्या पगाराची, पाय माझे, रस्ता माझ्या नशिबी, आणि ती निवडायला वाशीमला गेले दादा आणि त्याच्या कचेरीतले दोघे जण. मी बरोबर होते. दुकानाच्या पायरीशी, केळीवाल्याच्या गाडीजवळ, पदर सावरून उभी होते.

‘‘दादा, थे दांडीवाली पाह्य ना,’’ मी पायरीवरून म्हटलं.

‘‘दांडीवरून पाय टाकशीन तू? भर बाजारात?’’

‘‘वावरात धुऱ्या-बांधावरून टाकतोच ना आमी.’’

‘‘थे वावर होय,’’ दादा म्हणाला, आणि ते दोघे हसले.

झालं. वाकड्या नळीची लेडीज सायकल ठरली. ठरली ती ठरली, पण मग तिला नटवायचं काम सुरू झालं. लग्नाच्या बस्त्याला बसतात तसे ते तिघे बसले. चाकांवर रुंद मडगार्डं, त्यांना खाली कातड्याच्या जिभा. साखळीवर पत्र्याचं आख्खं चेनकव्हर, साखळीचं दर्शनसुद्धा होऊ नये असं. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी रंगीत दोऱ्याची जाळी, पातळाचा पदर अडकू नये म्हणून. सीटला मखमलीचं कव्हर, त्याला झालर. हँडलच्या मुठींना रबरी गोंडे. पुढे वेताची टोपली. मोठी घंटी, तिच्यावर कमळ काढलेलं, कारण माझं नाव कमल. दादा खरोखर खूष झाला होता. ‘‘घोडी सजवली घोडी,’’ म्हणाला. पंप, पाना, पंक्चरचं सामान यातलं काहीच कुणाला आठवलं नाही. ते मी नंतर एकटीनं जाऊन आणलं.

मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मंगरूळहून माझ्या गावांकडे जाताना आधी मुरमाची सडक, मग खडी, मग बैलगाड्यांची गाडवाट, मग नाला, मग पुन्हा गाडवाट. एकाच सकाळी चाकाखाली चार तऱ्हा. मला हवी होती मजबूत दांडीची सायकल. दांडी बाईच्या अब्रूच्या आड येते म्हणे. नाला भरला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि खांद्याला लावायला तीच दांडी लागते. वाकड्या नळीची सायकल खांद्यावर बसतच नाही. तिला उरापोटाशी धरून पाण्यातून न्यावं लागतं, आडव्या पोरासारखं. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी. मागे जाड सळईचं कॅरियर, कारण माझी औजारांची पेटी त्यावर बसायची आणि ती खडखडून चालणार नव्हती. आणि चाकांवर काही नको. काहीच नको. बैलगाडीच्या चाकावर कधी कुणी पत्रा बसवलेला पाहिलाय? साऱ्या मुलखाला जे बैलगाडीच्या बाबतीत कळतं ते बाईच्या सायकलीपाशी आलं की का कळेनासं होतं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आणि लुगड्याची गंमत तर विचारू नका. आमच्या आया, आज्या, वावरातल्या सगळ्या बायका काष्टा घालणाऱ्या. काष्टा घालून बाई झाडावर चढते, विहिरीत उतरते, तिला दांडीचं काय भय? पण नोकरीवाल्या बाईनं गोल पातळ नेसायचं, तेही पांढरं. गोल पातळ म्हणून वाकडी नळी, वाकडी नळी म्हणून जाळी, जाळी म्हणून चिखल. एका पातळापायी सगळी सायकल उलटीपालटी. मी महिन्याभरात त्यावर उपाय काढला. गावाबाहेर पडेपर्यंत पातळ, मग चिंचेच्या झाडामागे लुगड्याचा काष्टा, आणि पोचायच्या आधी पुन्हा पातळ. चिंचेखाली बकऱ्या चारणारी एक म्हातारी रोज बघायची. एकदा म्हणाली, ‘‘काहून वो बाई, दोन दोन सोंगं करून राह्यली?’’

पायाला परवडणाऱ्या त्या आषाढ-श्रावणातही ती सजवलेली घोडी मला जागोजाग अडवून उभी राहिली. चाक फिरता फिरता माती वर ओढतं, ती मडगार्डच्या आत जाऊन बसते, तिच्यावर गवताच्या काड्या, त्यावर पुन्हा माती. मग चाक फिरत नाही, घसरतं. मग तेही नाही. खाली उतरून बोटांनी, काडीनं, केसांतल्या आकड्यानं माती उकरायची, दहा-वीस पावलं ढकलायची, पुन्हा उकरायची. चेनकव्हरच्या आत काय साचलंय ते दिसायचंही नाही, नुसता कुरकुर आवाज. जाळीच्या दोऱ्यांत चिखल वाळून त्याची भिंत झालेली. वर टोपली डोलतेय, गोंडे हलताहेत, घंटीवर कमळ फुललंय. बाईमाणसाला सजवून जागच्या जागी उभं करून ठेवायची ही जुनीच तऱ्हा आहे, फक्त या वेळी सायकलीवर केलेली.

पोळ्याच्या आधी एका रविवारी मी ओसरीत पाना घेऊन बसले आणि एकेक वस्तू काढली. मडगार्डं काढली, जाळ्या काढल्या, चेनकव्हर काढलं. गोंडे उपटले. सीटखाली कातड्याची पिशवी बांधली, तिच्यात पाना, पंक्चरचं सामान आणि एक छोटं खुरपं. टायरची माती खरडायला त्याच्यासारखं काही नाही. नळीला पंप अडकवला. दांडी काही लावता आली नाही, ती राहिलीच. संध्याकाळी दादा कचेरीतून आला आणि दारातच थांबला.

‘‘काय केलं हे?’’

‘‘चालती केली.’’

‘‘नागडी केली,’’ दादा म्हणाला. ‘‘उघडीनागडी. लोकं काय म्हनतीन कमल? मी इतल्या हौसेनं घेतली.’’

वहिनी मधे पडली. वहिनी बिचारी नेहमीच मधे पडायची आणि नेहमी एकाच बाजूला पडायची. ‘‘असू द्या ना ताई,’’ मला म्हणाली, ‘‘सणासुदीले तरी लावत जा.’’ काढलेला सगळा पत्रा दादानं पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. तेव्हाच मी तो भंगारात घालायला हवा होता असं लोक म्हणतील. मी तसं म्हणत नाही. आपल्या घरात आपल्या माघारी आपल्या वस्तूला कुणी हात लावेल असं धरून चालायचं असेल, तर मग घर कशाला म्हणायचं?

बोरगव्हाणची सगुणा मात्र ती सायकल पाहून हसली. सगुणा माझ्याच वयाची, नवऱ्याबरोबर दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायची. आधीची दोन्ही बाळंतपणं घरी, दोन्ही लेकरं हाती लागली नव्हती. दोन्ही वेळा मूल पायाळू होतं आणि डोकं अडकलं होतं, हे गावच्या सुईणीच्या सांगण्यावरून मला कळत होतं. ह्या खेपेला दिवस दसऱ्याच्या आसपासचे होते. दर फेरीला मी तिचं पोट तपासायचे, आणि भादव्यात कळलं की हेही तसंच बसलंय. मी तिला म्हटलं, मंगरूळला येऊन राहा. सासू म्हणाली, हंगामात सून घराबाहेर कशी ठेवायची? तेव्हा सगुणानं माझा हात धरला.

‘‘मंग तुमीच या बाई. निरोप आला की या.’’

‘‘येईन.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की येईन. सायकल हाय ना माझी.’’

तिनं भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. तिच्या चाकांवरची मी नुकतीच खरडलेली माती अंगणात पडली होती. ‘‘आता बरी दिसते,’’ सगुणा म्हणाली. ‘‘आधी पाव्हनी वाटे. आता आमच्यातली वाटते.’’ मग लाजून म्हणाली, ‘‘मी घंटी ऐकत राहीन.’’ कमळाची घंटी तेवढी मी ठेवली होती.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी औजारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची. विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास, दादाची दौत-लेखणी. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि एकदा पूजेला बसवलेलं औजार दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत जागचं हलवायचं नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विसावा, असा त्यातला भाव. भाव चांगला आहे. मी सकाळी दवाखान्यात एका बाळंतिणीजवळ होते. दुपारी घरी आले तर ओसरीत झेंडूचा घमघमाट, आणि मधोमध रांगोळीच्या चौकात माझी सायकल. मडगार्डं लावलेली. जाळ्या बांधलेल्या. चेनकव्हर, गोंडे, झालर, सगळं. देवापुढं नागडी कशी ठेवायची, म्हणून दादानं सकाळभर खपून तिला पुन्हा कपडे घातले होते. हँडलला हार, सीटवर नारळ. लेकरासारखा हसत होता माझ्याकडे बघून.

मी काही बोलायच्या आतच दारात सगुणाचा नवरा उभा राहिला. गुडघ्यापर्यंत माती, धाप लागलेली. ‘‘बाई, सकाळपासून कळा येऊन राह्यल्या. पानी गेलं.’’ मी पेटी उचलली आणि सायकलीला हात घातला. दादा आडवा आला.

‘‘आज नाई हलवायची कमल. उद्या.’’

‘‘दादा, तिचं मूल पायाळू हाय.’’

‘‘मंग छकडा पाह्यतो ना मी. पायी जाऊ, मी येतो संगं. पूजेतून नको उठवू. वर्षाचा सण होय, घरादाराले लागीन.’’

छकडाही पूजेत बसला होता, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी हार काढला, नारळ खाली ठेवला आणि रांगोळीवरून सायकल बाहेर काढली. मागे वहिनी रडत होती. पत्रा काढायला वेळ नव्हता. म्हटलं, सडकेनं तर जाऊ, गाडवाटेला लागलं की पाच मिनिटांत उतरवू, पाना आहेच पिशवीत. दादानं बांधलेली ती जाळी, तो चिकट झेंडूचा वास, आणि मी मुरमाच्या सडकेवरून जीव खाऊन पायडल मारत होते. सगुणाच्या नवऱ्याला मी केव्हाच मागे टाकलं.

फाट्यापासून गाडवाट. दोन दिवसांचं ऊन पडलेलं, वरून सुकलेली, आतून ओली. थोडं पुढे गेले आणि चाक थांबलं. मी उतरले, सीटखालची पिशवी उघडली. तिच्यात विड्याची दोन पानं आणि एक सुपारी होती.

पाना, पंप, खुरपं सगळं दादानं काढून ताटात मांडलं होतं. औजारंच ना ती. त्यांचीही पूजा व्हायला नको? आणि पिशवी रिकामी कशी ठेवायची, म्हणून आत पानसुपारी. कुणी द्वेषानं केलं असतं तर मी ते केव्हाच विसरले असते. इतक्या मायेनं, इतक्या नीटपणे, एकही बोल्ट सैल न ठेवता केलेलं ते काम होतं. मी बाभळीच्या काडीनं माती उकरली. चाक एक फेरा फिरलं, पुन्हा बसलं. मडगार्ड हातानं वाकवायला गेले, तळहात कापला. दातओठ खाऊन जाळी तोडली, ती साखळीत गेली. खांद्यावर घ्यावी तर दांडी नाही. उरापोटाशी धरून नाल्यापर्यंत नेली. रडत होते की शिव्या देत होते ते आता आठवत नाही, बहुतेक दोन्ही. शेवटी एका तुरीच्या वावरात ती आडवी टाकली, पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून पायी निघाले. पळता येत नव्हतं. एकेका पायाला पाटा बांधल्यासारखी माती.

बोरगव्हाणात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बाया उभ्या होत्या. पाय आले होते, डोकं अडकलं होतं. सुईणीनं तिला येत होतं ते सगळं केलं होतं. मी मूल सोडवलं, पण ते आधीच गेलं होतं. अंग अजून कोमट होतं. मुलगी होती. मग सगुणाचं रक्त थांबेना, ते थांबवण्यात माझी संध्याकाळ गेली. सगुणा वाचली. तेवढं एक मला करता आलं.

ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं शुद्धीत नाही. पुसून, गोधडी घालून मी उठत होते तेव्हा तिनं विचारलं, ‘‘सायकल कुठी हाय बाई?’’

‘‘वाटेत अडकली.’’

‘‘हो ना,’’ ती म्हणाली. ‘‘मी घंटी ऐकून राह्यली व्हती.’’

बाहेर बाया एकमेकींना समजावत होत्या. देवाच्या मनात नव्हतं, म्हणाल्या. सासू म्हणाली, ‘‘जाऊ द्या बापा, पोरगीच व्हती.’’ मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय. नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं तेव्हाही मी आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी त्या अंगणात मी ओरडले. म्हटलं, देवाचा काय संबंध? पत्रा होता मधे, पत्रा. आणि पोरगीच म्हणजे काय? बाया माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं, बाई दमली आहे. एकीनं मला पाणी आणून दिलं.

वेळेत पोचले असते तर ती जगली असती का? दवाखान्यातले डॉक्टरसाहेब म्हणाले, असं सांगता येत नाही, मनाला लावून घेऊ नका. वहिनी म्हणाली, ताई, तुमी पिशवी पाहून नाई निघाल्या काय? मला दोघांचाही राग आला, वहिनीचा जरा जास्त. त्या पिशवीत काय असायचं ते मी ठरवलं होतं. ते तिथं असायलाच हवं होतं. ज्यानं काढलं त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, कारण त्यानं पूजा केली होती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी पायी घरी आले. दादा आपट्याची पानं हातात घेऊन दारात उभा होता. बोरगव्हाणची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याचा चेहरा उतरला होता, पण हात पुढे होता. ‘‘सोनं घे कमल,’’ म्हणाला. मी विचारलं, ‘‘पाना कुठाय?’’ त्यानं ताटाकडे बोट दाखवलं. मी पान्यावरचं हळदकुंकू लुगड्याला पुसलं, तशीच परत गेले, तुरीच्या वावरात बसून एकेक बोल्ट काढला आणि सगळा पत्रा नाल्यात फेकून दिला. तरंगत नाही पत्रा, लगेच बुडतो. मला तो जरा वेळ दिसायला हवा होता. मग त्या उघड्यानागड्या सायकलीवर बसून, काष्टा तसाच ठेवून, मी मंगरूळच्या भर बाजारातून घरी आले. लोक सोनं लुटायला निघाले होते. काय म्हणायचं ते म्हणाले असतील.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच सायकलीवर फिरती केली. दर खंडेनवमीला पहाटेच ती घेऊन बाहेर पडायचे, काम असो नसो. सगुणाला पुढे मुलगा झाला, मंगरूळच्या दवाखान्यात, माझ्याच हातांनी. ती सायकलीला हात लावून नमस्कार करायची आणि मी तिचा हात बाजूला करायचे. दादा त्या विषयावर शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. ओसरीत औजारं मांडताना मात्र मधे एक जागा मोकळी सोडायचा. तिच्याभोवती रांगोळीचा चौक काढायचा, आणि त्या रिकाम्या जमिनीला हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल वाहायचा. ते पाहून वहिनी म्हणायची, आता तरी सोडा ना ताई राग. मी सोडला नाही. त्या रिकाम्या चौकाचा मला सायकलीपेक्षा जास्त राग यायचा. चुकलं, एवढे दोन शब्द त्याला म्हणता आले नाहीत, म्हणून तो जमिनीची पूजा करत बसला. दादा गेला तेव्हा मी खूप रडले. राग तसाच आहे.

तन्वीनं शेवटी तिला हवी तीच सायकल घेतली. जाड टायरची, दांडीवाली, चाकांवर काही नसलेली. आज खंडेनवमी. सकाळी उठून ओसरीत आले तर ती सायकल रांगोळीत उभी. सुधाकरनं हौसेनं हँडलला हार घातलेला, सीटवर नारळ, आणि समोरच्या ताटात कुऱ्हाडीशेजारी तिचा छोटा पंप आणि घडीचा पाना, दोघांना कुंकवाचे ठिपके. बापाचा हात पोराच्या हातात कसा उतरतो पहा. शिकवावंसुद्धा लागत नाही. घरामागून तोच वास येत होता.

मी काठी टेकत जाऊन नारळ खाली ठेवला. हार काढून सुधाकरच्या हातात दिला. माझा दसरा त्याला ठाऊक आहे. तन्वीला हाक मारली.

‘‘जा, फिरवून आण.’’

‘‘आजी, उद्या जाते ना. बाबा म्हणतात आज हलवायची नाही.’’

‘‘आज,’’ मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि सायकल रांगोळीवरून बाहेर काढली. फाटकापर्यंत गेली असेल, तेव्हा मी मागून ओरडले.

‘‘तन्वी, पाना घेतला का?’’

ती थांबली. पिशवी चाचपली आणि परत फिरली.